मांडीवरची गिटार आणि पाण्याचं गाणं

खोक्यातून ती बाहेर काढली तेव्हा बायको म्हणाली, "ही इस्त्रीची फळी कशाला मागवलीत?"

मला राग आला, पण तिचं फारसं चुकलं नव्हतं. गिटार म्हणावी असं तिच्यात काही दिसत नव्हतं. पोकळ पोट नाही, कमरेचा बाक नाही. एक लांबट, जड लाकडाचा तुकडा, त्यावर सहा तारा, तारांखाली चुंबकाची एक पट्टी आणि बाजूला दोन बटणं. ही गिटार छातीशी धरायची नसते, मांडीवर आडवी ठेवायची असते. तारा बोटांनी दाबायच्या नसतात. डाव्या हातातली पोलादी दांडी तारांवर नुसती टेकवायची आणि सरकवायची, उजव्या हाताने तार छेडायची. सुरांच्या जागा कळाव्यात म्हणून खालच्या पट्टीवर पांढऱ्या रेघा असतात, पण त्या नुसत्या रंगवलेल्या. वायर एका छोट्या अॅम्प्लिफायरला जोडली की आवाज येतो. ऑनलाइन मिळत होत्या त्यांतली ही सगळ्यांत स्वस्त. आपला मिक्सरसुद्धा हिच्यापेक्षा महाग होता, हे मी बायकोला दोनदा ऐकवलं.

आमची मूळ वाडी राजोडीच्या अलीकडे. लहानपणी शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नांत बँड यायचा, आणि त्यात एक वयस्कर गृहस्थ खुर्चीवर बसून अशीच मांडीवरची गिटार वाजवायचे. हवाईन गिटार म्हणायचे तिला. बाकीचा बँड चहाला गेला की त्यांची पाळी. ते दांडी सरकवायचे आणि सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी न मारता चालत जायचा. मी कुंपणाला नाक लावून ऐकायचो. पुढे शिक्षण झालं, नोकरी लागली, आचोळ्यात तिसऱ्या माळ्यावर फ्लॅट घेतला, मुलगी मोठी झाली. दोन वर्षांपूर्वी नोकरीतून मोकळा झालो आणि पहिल्या महिन्यातच घरातल्यांना माझा कंटाळा आला. तेव्हा ते कुंपण आठवलं.

पहिले चार महिने मी जे काही वाजवलं त्याला वाजवणं म्हणणं धाडसाचं ठरेल. जिथे रेघ नाही तिथे दांडी थांबली की सूर बेसूर, आणि माझी दांडी नेमकी तिथेच थांबायची. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "डक्टमध्ये मांजर अडकलं आहे का?" खाली अकरा जणांनी हात जोडले होते. मी खिडकी लावली आणि वाजवत राहिलो. मोबाईलवर सूर दाखवणारं अॅप घेतलं. सूर बरोबर असला की त्यातला काटा हिरवा व्हायचा, चुकला की लाल. हळूहळू काटा हिरवा व्हायला लागला आणि मला वाटलं, आता आपल्याला येतं.

मग आत्या यायला लागली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय पंचाहत्तरच्या आसपास. लग्नानंतर तीनच वर्षांत नवरा गेला आणि ती परत वाडीत आली ती कायमची. केळी, चाफा, पानवेली, सगळं तिने सांभाळलं. पण गावात तिची ओळख वाडीवाली म्हणून नव्हती, गाणारी म्हणून होती. आमच्याकडे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक कामाचं बायकांचं गाणं असतं, आमच्या घरच्या बोलीतलं. एक बाई पुढे होऊन ओळ सांगते, बाकीच्या ती ओळ उचलतात. चाळीस वर्षं ती पुढची बाई म्हणजे माझी आत्या. लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी घरातली माणसं नारळ घेऊन तिच्याकडे येत. तिने नारळ घेतला की मांडवात नवरीच्या शेजारचा पाट तिचा.

तीन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याच्या ग्रंथीवर गाठ आली. गाठ नेमकी आवाजाच्या नसेला चिकटलेली होती. ती काढली, आत्या वाचली, आवाज गेला. आता तिला फक्त कुजबुजता येतं. कान तिच्या तोंडाशी नेला तर कळतं, नाहीतर ओठ बघून अंदाज बांधायचा. नारळ यायचे बंद झाले. लोक वाईट नव्हते, उलट फारच चांगले वागत होते, आणि त्या चांगुलपणाचाच मला संताप यायचा. ती मांडवात आली की कुणीतरी लगबगीने प्लास्टिकची खुर्ची आणायचं, पंख्याखाली ठेवायचं आणि मोठ्याने विचारायचं, "आत्या, बऱ्या ना?" जणू आवाजाबरोबर तिचे कानही गेले होते. दोन लग्नं तिने तशी काढली. तिसऱ्याला गेली नाही. मला म्हणाली, "मुक्या बाईला खुर्ची देतात रे. पाट नाय देत."

आणि आता माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तुळशीच्या लग्नानंतर, वाडीतच मांडव घालून. मुलीला इतर कशाचीच हौस नव्हती, ना मेंदीवालीची, ना ड्रोनवाल्याची. तिचं एकच म्हणणं, "आजी माझ्याजवळ बसली पाहिजे." आत्याला ती आजी म्हणते. आत्याने त्यावर काहीही उत्तर दिलं नव्हतं, आणि आत्याने उत्तर दिलं नाही की ते 'नाही'च असतं.

दर बुधवारी आत्याला माणिकपूरला गळ्याच्या व्यायामासाठी जावं लागे. बस स्टॉपवरून मी तिला स्कूटरवर घ्यायचो, व्यायाम झाला की आमच्याकडे आणायचो. ती जेवायची, थोडी पडायची आणि चारच्या बसने परत जायची. अशाच एका बुधवारी ती भात कालवत होती आणि मी पलीकडे बसून एका जुन्या गाण्याची चाल घोटत होतो. काटा हिरवागार. मी खुशीत. तेवढ्यात आत्याने डावा हात हवेत उचलला आणि हळूच खाली केला. मला कळलं नाही. तिने परत तसंच केलं. मग ताट सारून उठली, उष्टा हात तसाच धरून माझ्याजवळ आली, आणि डाव्या हाताने माझं मनगट धरून मागे ओढलं. दांडी रेघेवरून सरकून दोन रेघांच्या मधे आली. काटा लाल झाला.

"इथं," ती कुजबुजली. "आता वाजव."

मी तार छेडली. तिने माझं मनगट हळूहळू पुढे नेलं, थांबवलं, थोडं थरथरवलं, परत मागे आणलं. अॅम्प्लिफायरमधून जे बाहेर आलं ते त्या जुन्या गाण्यातलं नव्हतंच. ती आमच्या हळदीच्या गाण्याची ओळ होती. लहानपणी मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून शंभर वेळा ऐकलेली. बायको स्वयंपाकघरातून पळत आली, तिला वाटलं आत्याचा आवाज आला.

आत्याने माझं मनगट सोडलं नाही. उजव्या हाताचा भात वाळून गेला तरी सोडलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर आम्ही दोघंही रडलो असतो आणि आत्याला ते आवडलं नसतं.

त्यानंतर बुधवार म्हणजे शिकवणी. ती माझ्या डावीकडे सतरंजीवर बसायची, माझ्या मनगटावर हात ठेवायची आणि सूर जिथे हवा तिथे मला घेऊन जायची. अॅपवर तिचा पहिल्या दिवसापासून राग. एकदा मी म्हटलं, "आत्या, हा बघ, काटा लाल आहे. म्हणजे सूर चुकतोय." तिने मोबाईल उचलून उशीखाली ठेवला आणि म्हणाली, "तुझं हे यंत्र कुनाच्या हळदीला आलेलं?" तिचे सूर त्या रेघांवर कुठेच नव्हते. सगळे मधल्या जागेत, आणि प्रत्येक सुराची ती जागा मात्र अगदी ठरलेली. केसभर इकडेतिकडे झालं की मनगटावर चिमटा.

तिने मला पाण्याचं गाणं शिकवायला घेतलं. हळद लागली की बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, नवरीला पाटावर बसवतात आणि ते पाणी तिच्या डोक्यावर घालतात. त्या वेळचं हे गाणं. पाच कडवी. पहिलं विहिरीचं, दुसरं वाटेचं, तिसरं घागरीचं, चौथं नवरीच्या आईबापाचं. पावसाळा संपेपर्यंत मला चारही कडवी बऱ्यापैकी यायला लागली. आत्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. एका बुधवारी तर तिने बायकोला विचारलं की हळदीला कुठल्या रंगाचं लुगडं बरं दिसेल. बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून ते दोनदा सांगितलं.

घोळ झाला पाचव्या कडव्याचा. चौथं संपलं की आत्या माझ्या मनगटावरचा हात उचलायची आणि चहा मागायची. पहिल्यांदा वाटलं दमली असेल. दुसऱ्यांदा मी विचारलं, "पुढचं?" तर म्हणाली, "पुढचं मग." तिसऱ्यांदा तिने खिडकीबाहेर पाहिलं. पाचव्यांदा, सहाव्यांदा तेच. दर वेळी चौथ्याच्या शेवटी हात वर, आणि नजर दुसरीकडे.

मी बायकोला म्हटलं, "तिला आठवत नाहीये. सांगायची लाज वाटते बिचारीला."

एकदा असं डोक्यात शिरलं की माणसाला पुरावे सापडायला लागतात. आत्या छत्री विसरून गेली होती. आत्याने एकदा मला माझ्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली होती. हे तर ती मी पाच वर्षांचा असल्यापासून करते, पण ते मला तेव्हा आठवलं नाही. इंटरनेटवर वाचलं, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी जायला लागल्या की काय काय होतं. वाचून मी घाबरलो. खरं सांगायचं तर भीती होती, आणि भीतीच्या आत थोडी हुशारीची हौसही होती. वेळेवर ओळखणारा पुतण्या.

पुढच्या बुधवारी व्यायाम झाल्यावर मी तिला माणिकपूरलाच दुसऱ्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. गळ्याचंच आहे, म्हणालो. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी तिला आजचा वार विचारला. महिना विचारला. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. आत्या कुजबुजत उत्तरं देत होती आणि प्रत्येक उत्तराबरोबर माझ्याकडे बघत होती. मग त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "आजी, यावर एक घड्याळ काढा बघू."

आत्याने घड्याळ काढलं. बारा आकडे, दोन काटे. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून तीच वेळ दाखवली. पेन टोपण लावून परत दिलं, उठली आणि बाहेर गेली. मी मागून धावलो. जिन्यात तिने मला गाठू दिलं. कान तिच्या तोंडाशी न्यायची गरज पडली नाही, इतकं स्पष्ट ती बोलली, "मना येडी ठरवायला आनलंस?"

ती रिक्षात बसली आणि बस स्टॉपकडे निघून गेली. मी हेल्मेट हातात धरून तिथेच उभा राहिलो.

पुढचा बुधवार ती आली नाही. त्याच्या पुढचाही नाही. भावाच्या बायकोचा, म्हणजे वहिनीचा फोन आला. आत्याने निरोप दिला होता की लग्नात ती मागच्या पडवीत जेवणाचं बघेल. मांडवात येणार नाही. मुलीला हे कळलं तेव्हा ती माझ्यावर ओरडली नाही, हे जास्त वाईट होतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, सिरियसली? तिला विचारायचं ना आधी."

मी वहिनीकडे गाऱ्हाणं मांडलं. म्हटलं, "वहिनी, तुम्हीच सांगा, सहा वेळा विचारलं तरी पाचवं कडवं आलं नाही तिला. मग मला काय वाटणार?"

वहिनी फोनवर बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "अवो भावजी, पाचवं कडवं आदी म्हनतात का कदी? पोरगी पाटावर बसल्याबिगर?"

"म्हणजे?"

"ते नसतंच आदी. गानारी तितंच जुळवते. त्या पोरीचं, तिच्या घरचं, जे काय असंल ते. आदी म्हटलं तर पोरीचं लग्न मोडतं म्हनतात. तुमाला माहीत नाय?"

मला माहीत नव्हतं. साठीला आलेला, याच वाडीत वाढलेला मी, मला माहीत नव्हतं. त्याचं कारणही तसंच. विहिरीवरून पाणी आलं की पुरुषांनी तिथे थांबायचं नसतं. आम्ही सगळे मांडवाच्या दुसऱ्या टोकाला खुर्च्या मोजत, आचाऱ्याशी भांडत, चहा पीत असायचो. तिकडून गाणं ऐकू यायचं, शेवटी बायकांचा मोठा हशा आणि मग रडणं. चाळीस वर्षं मी तो हशा ऐकला आणि कधी विचारलं नाही की कशावर हसता. आणि चाललो होतो तिची आठवण तपासायला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी त्या दिवशी पाहिला.

माझ्या मुलीचं लग्न मोडू नये म्हणून ती सहा वेळा हात उचलत होती, आणि मी तिला घड्याळ काढायला लावलं.

रविवारी गिटार आणि बॅटरीवरचा छोटा अॅम्प्लिफायर घेऊन मी वाडीत गेलो. आत्या मागच्या पडवीत केळीची पानं पुसून एकावर एक रचत होती. माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पानं पुसायला लागली. पायरीवर बसलो, गिटार मांडीवर घेतली आणि पाण्याचं गाणं सुरू केलं. मनगटावर तिचा हात नव्हता, त्यामुळे पहिल्याच कडव्यात दोनदा घसरलो. ती पानंच पुसत होती. दुसरं, तिसरं झालं. चौथं कडवं संपलं आणि मी दांडी तारांवरून उचलली.

"चुकलो, आत्या," मी म्हटलं. "मला ठाऊक नव्हतं. विचारायला हवं होतं."

तिने हातातलं पान उलटं करून दुसरी बाजू पुसली. मग ओठ हलले. मी जवळ सरकलो.

"नारळ आनलास?"

मी नारळ आणला नव्हता. अंगणात भावाने उतरवलेल्या नारळांचा ढीग पडला होता. मी उठून त्यातला एक चांगलासा उचलला आणि तिच्यापुढे धरला. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो परत ढिगात ठेवला. नारळ लग्नघरातून यावा लागतो, गाणारीच्याच झाडाचा तिलाच देऊन कसं चालेल? सगळीकडे माडच माड असलेल्या गावात मी स्कूटर काढली आणि नाक्यावरच्या दुकानातून विकतचा नारळ आणला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. दुकानदाराने दोनदा विचारलं, "तुमी नारळ इकत घेता?"

आत्याने नारळ कानाशी नेऊन हलवला. पाणी बरंच वाजलं. मग पदरात घेतला.

हळदीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला बायका विहिरीवरून पाणी घेऊन आल्या. मुलगी पिवळीधम्मक होऊन पाटावर बसली होती. तिच्या उजव्या हाताला दुसरा पाट, त्यावर आत्या, जांभळ्या लुगड्यात. आणि आत्याच्या उजव्या हाताला सतरंजीवर मी, मांडीवर गिटार, पाठीमागे अॅम्प्लिफायर. त्या कोंडाळ्यात बसलेला मी पहिलाच पुरुष असणार. बायकांनी मला सोडलं नाही. एक म्हणाली, "भावजींनाबी हळद लावा." दुसरी म्हणाली, "लुगडं नेसवा आदी." कुणीतरी माझ्या गालाला हळद फासलीच. वहिनीने गिटारवर प्लास्टिकची पिशवी पसरली, पाणी उडू नये म्हणून, आणि ती मी काढून टाकली.

आत्याने माझ्या मनगटावर हात ठेवला.

पहिलं कडवं. मी एक ओळ वाजवायचो आणि बायका तीच ओळ शब्दांत उचलायच्या. सुरुवातीला दोघीतिघी, मग सगळ्या. पहिली चार कडवी त्यांना पाठ होती. फक्त पुढे होणारं कुणीतरी हवं होतं, आणि ती बाई पाटावर बसली होती. विहीर झाली, वाट झाली, घागर झाली. चौथ्या कडव्यात आईबापाचं येतं तेव्हा माझी बायको उठून मागे गेली. कडवं संपलं. मनगटावरचा हात उचलला गेला आणि मी सवयीने थांबलो.

आत्याने माझ्या हातातली दांडी काढून घेतली.

उजव्या हातात ती धरली, तारांवर टेकवली आणि हनुवटीने मला खूण केली. तू फक्त छेड. मी तार छेडली. दांडी सरकली. माझ्या मनगटावरून सहा महिने तिने जो रस्ता मला दाखवला होता, त्यावरून आता ती स्वतः चालली होती, आणि सूर असा निघाला की मांडवाच्या दुसऱ्या टोकाला आचाऱ्याशी बोलणारा माझा भाऊ वळून बघायला लागला. पण शब्द? नवीन कडव्याचे शब्द कुणालाच माहीत नव्हते. बायका तिच्या ओठांकडे बघत होत्या. आत्या डावीकडे वाकली, नवरीच्या कानाशी गेली, काहीतरी कुजबुजली.

नवरीने स्वतःच्या हळदीत गायचं नसतं. माझ्या मुलीला हेही माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी तिने ऐकलं नसतं. इंग्रजी शाळेत शिकलेली, मुंबईच्या ऑफिसात काम करणारी, आमची घरची बोली कधीच न बोललेली माझी मुलगी मोठ्याने म्हणाली,

"तिसऱ्या माळ्याची पोर माझी, विहिरीला आली गो."

बायकांनी एक क्षण एकमेकींकडे पाहिलं आणि ओळ उचलली. आत्या पुन्हा वाकली.

"चप्पल विसरली दारी..." आत्याने तिच्या दंडाला चिमटा काढला. "सॉरी. चप्पल इसरली दारी, पाय वले झाले गो."

हशा झाला, कारण ती खरंच चप्पल दारात विसरून अनवाणी आली होती. मी तार छेडत होतो. दांडी पुढे जात होती, मागे येत होती. तिसरी ओळ कानात पडताच मुलगी आधी माझ्याकडे बघून हसली, मग म्हणाली,

"बाप हिचा शाना भारी, मना तपासून आला गो."

एवढा मोठा हशा मी त्या मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून कधी ऐकला नव्हता. डॉक्टरची गोष्ट वहिनीने अख्ख्या गावाला सांगितली होती हे मला तेव्हा कळलं. मी मान खाली घातली. बायका ती ओळ उचलून उचलून दोनदा, तीनदा म्हणाल्या. तार छेडून छेडून माझं बोट दुखायला लागलं.

मग आत्या शेवटच्या ओळीसाठी वाकली. या वेळी जरा जास्त वेळ लागला. मुलीने ऐकलं आणि तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. आत्याने दांडी तारांवर तशीच धरून ठेवली होती. मुलगी म्हणाली, अगदी हळू, जवळजवळ आत्यासारखीच कुजबुजत,

"माझा गला कुनी नेला, ह्याच्या मांडीवर हाय गो."

ही ओळ बायकांनी उचलायची होती. कुणीच उचलली नाही. वहिनीने तोंडाला पदर लावला. मला समोरच्या सहा तारा दिसेनाशा झाल्या होत्या.

आत्याने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा समोर पाहिलं. चाळीस वर्षांत तिची ओळ अशी कधी खाली पडली नव्हती. तिच्या कपाळावर आठी आली. तिने दांडी गिटारच्या लाकडावर टक्कन आपटली आणि रागारागाने, आवाज नसलेल्या गळ्याने सगळ्यांना दटावलं, "म्हना की गो!"

आणि माझ्या मांडीवर चापट मारली. मी तार छेडली.